शेवट लांबला म्हणता, पण कंटाळा आधीच आला होता

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी बसून सिनेमे आणि मालिका बऱ्याच बघतो. बघून झालं की मित्रांच्या ग्रुपवर चार ओळी टाकतो. पण सगळ्यांनी डोक्यावर घेतलेली गोष्ट मला रटाळ वाटते आणि समीक्षकांनी झोडपलेला सिनेमा मी मजेत बघतो. सिनेमाचं काही शिक्षण घेतलेलं नाही. मग माझ्या मताला अर्थ आहे का? आणि सारखा होणारा हा अपेक्षाभंग कमी कसा करायचा?

मी संकलक, म्हणजे एडिटर आहे. सिनेमेही कापले, मालिकाही कापल्या, त्यामुळे उत्तर त्याच खुर्चीतून देतो. समीक्षकाने दिलं असतं तर ते वेगळं आलं असतं.

तुमच्या मताला अर्थ आहे. सिनेमा पुरा होण्याआधी आम्ही असलीच मतं मुद्दाम गोळा करतो. जाणकारांना रफ कट, म्हणजे सिनेमाची कच्ची जुळणी, दाखवला की ते लगेच इलाज सांगायला लागतात: हा सीन पुढे घ्या, तिथे संगीत घाला. सिनेमाशी काही देणंघेणं नसलेला माणूस सरळ सांगतो, 'ती डॉक्टरकडून परत आली ना, तिथे मी घड्याळ बघितलं.' आमच्यासाठी हे वाक्य सोन्यासारखं. तो कारण सांगत नाही, फक्त जागा दाखवतो, आणि जागा दाखवण्यात प्रेक्षक सहसा चुकत नाही. तो चुकतो कारण सांगताना.

एक उदाहरण जरा तपशिलात देतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दोन भावांची गोष्ट होती. धाकटा शेवटी घर सोडून जातो, थोरला त्याला स्टेशनवर सोडायला येतो. पाच-सहा मिनिटांचा प्रसंग, संवाद अगदी मोजके. चाचणीसाठी ठेवलेल्या खासगी खेळानंतर भरून घेतलेल्या कागदांवर एकच तक्रार पुन्हा पुन्हा आली: शेवट लांबला. निर्मिती करणाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं, स्टेशन कापा. कापलं. पुढच्या खेळाला 'लांबला' हे राहिलंच, वर 'अचानक संपला' अशी नवी तक्रार आली. एकच शेवट लांबलेलाही आणि अचानक संपलेलाही! तेव्हा आम्ही शेवट सोडून मागे गेलो. पूर्वार्धात एक छोटा प्रसंग होता: थोरला रात्री उशिरा येतो, धाकट्याने त्याच्यासाठी दिवा चालू ठेवलेला असतो, स्वतः मात्र झोपेचं सोंग घेऊन पडलेला असतो. 'गोष्ट लवकर सुरू व्हायला हवी' या आग्रहापायी तो आधीच्या फेरीत उडवला गेला होता. तो परत बसवला आणि स्टेशनचा प्रसंग जसाच्या तसा, पूर्ण लांबीचा ठेवला. 'लांबला' म्हणणारे जवळजवळ नाहीसे झाले. या दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे हे लोकांना आधी दिसलंच नव्हतं. मग निरोपाला थांबायचं कशासाठी?

वॉल्टर मर्च हे संकलनातलं मोठं नाव. चाचणी-खेळातल्या मतांबद्दल बोलताना त्यांनी डॉक्टरांचा दाखला दिला आहे: दुखतं कोपरात, पण नस चिमटलेली असते खांद्यात. कोपरावर शस्त्रक्रिया करून भागत नाही. मी नव्या सहायकांना सगळ्यात आधी हेच सांगतो आणि हौशी मत देणाऱ्यांनाही. 'इथे दुखलं' एवढं ठाम म्हणा. 'म्हणून इथे कापा' हे म्हणताना जरा दमाने घ्या.

यावरून एक आमच्या धंद्यातली कुरकुर करून घेतो. 'संकलन कडक हवं होतं, वीस मिनिटं सहज उडवता आली असती' हे वाक्य प्रत्येक दुसऱ्या मतात असतं. कधीकधी ते बरोबरही असतं. पण पुष्कळदा सिनेमा लांब वाटतो तो त्यातलं नेमकं हवं ते उडवल्यामुळे. 'किंग्डम ऑफ हेवन' २००५ साली थिएटरात आला तेव्हा साधारण १४४ मिनिटांचा होता. नंतर दिग्दर्शकाची आवृत्ती आली ती साधारण १९४ मिनिटांची, म्हणजे पाऊण तासाहून जास्त लांब. तरी ज्यांनी दोन्ही पाहिल्या त्यांच्यातल्या बहुतेकांना मोठी आवृत्ती जास्त सुसंगत वाटली. छोट्या आवृत्तीतून सिबिला या नायिकेच्या लहान मुलाचा पूर्ण धागाच काढून टाकला होता. तो मुलगा गेला तशी तिच्या उत्तरार्धातल्या वागण्याची कारणं गेली. प्रेक्षकाला कारण सापडलं नाही की त्याला वेळ जाणवायला लागतो. मिनिटं मोजणारं घड्याळ आणि कंटाळा मोजणारं घड्याळ, दोन्हींचा मेळ बसेलच असं नाही.

आता घरी बघण्याकडे वळतो, कारण तुमच्या प्रश्नात तो शब्द तुम्हाला वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. घरी झालेल्या निराशेचा मोठा वाटा सिनेमाचा नसतोच. तो टीव्हीच्या सेटिंगचा असतो. हे ऐकून लोक हसतात, म्हणून सविस्तर सांगतो.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सने, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी, चित्रित होतो. टीव्हीचा पडदा सेकंदाला ६० किंवा १२० वेळा ताजा होतो. मधल्या जागा भरायला टीव्ही दोन खऱ्या फ्रेम्सच्या मध्ये स्वतः बनवलेल्या फ्रेम्स घुसवतो. प्रत्येक कंपनीने त्याला आपापलं नाव दिलंय: सोनीचं मोशनफ्लो, एलजीचं ट्रूमोशन, सॅमसंगचं ऑटो मोशन प्लस. खेळाचे सामने बघायला ठीक आहे. सिनेमा मात्र त्यामुळे स्टुडिओत उभ्या केलेल्या स्वस्त मालिकेसारखा दिसायला लागतो. नटाची हालचाल तेलकट, घसरडी होते, सेट सेट वाटतो, मेकअप मेकअप वाटतो. आणि बघणारा म्हणतो, 'अभिनय खोटा वाटला.' बिचारा अभिनेता! टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वारी यांनी डिसेंबर २०१८ मध्ये एक व्हिडिओ करून लोकांना विनवलं होतं की घरी सिनेमा बघताना हे बंद करा. पुढच्या वर्षी 'फिल्ममेकर मोड' जाहीर झाला. बऱ्याच नव्या टीव्हींमध्ये तो असतो आणि एका बटणात हा सगळा अनाहूत शहाणपणा बंद करतो. तो नसेल तर 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' मोड लावा आणि मोशनचं सेटिंग वेगळं जाऊन बंद करा. काही टीव्हींमध्ये सिनेमा मोडमध्येही ते थोडंसं चालूच असतं.

तपासायची सोपी पद्धत आहे. कॅमेरा आडवा फिरतोय आणि पुढून माणूस चालत जातोय असा शॉट शोधा. माणसाच्या कडेभोवती पाण्यासारखी थरथर दिसली किंवा तो पार्श्वभूमीवर चिकटवल्यासारखा वाटला, तर मोशन चालू आहे. बंद केल्यावर पहिली पाच मिनिटं चित्र जरा अडखळल्यासारखं वाटेल. मग डोळे सरावतात.

अंधाराचंही तसंच. एप्रिल २०१९ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या आठव्या पर्वातला रात्रीच्या लढाईचा भाग आला आणि काहीच दिसलं नाही अशी जगभर ओरड झाली. छायालेखक फेबियन वॅग्नर यांनी त्यावर सांगितलं की भाग मुद्दामच काळोखा ठेवला होता, पण बऱ्याच लोकांचे टीव्ही नीट लावलेले नसतात हाही त्यातला भाग आहे. मला दोन्ही बाजू पटतात. कलर ग्रेडिंगच्या, म्हणजे चित्राचे रंग आणि उजेड जुळवण्याच्या, खोलीत अंधार असतो आणि तिथला मॉनिटर काटेकोर जुळवलेला असतो, तिथे काळ्याच्या दहा छटा स्पष्ट दिसतात. तेच चित्र इंटरनेटवरून दाबून घरी येतं तेव्हा त्या दहाच्या चार होतात आणि आकाशात पायऱ्या-पायऱ्या दिसायला लागतात. त्यात समोरच्या खिडकीचं ऊन पडद्यावर पडत असेल तर राहिलं काय? घरी काय पोहोचणार आहे हे बनवणाऱ्यांनीही ध्यानात ठेवायला हवं, हे माझं मत. पण काळोखा सिनेमा दिवसा, वीज वाचवणारा मोड चालू ठेवून बघायचा आणि 'छायाचित्रण गचाळ' लिहायचं, हा अन्यायच.

आवाजाच्या तक्रारी सगळ्यात जास्त येतात. 'संवाद पुटपुटल्यासारखे, आणि मारामारी आली की घर हादरतं.' यात पुटपुटणारे नटही आहेत, ते नाकारत नाही. पण यंत्रणा समजून घ्या. सहा वाटांच्या (५.१) ध्वनिमिश्रणात संवाद प्रामुख्याने मधल्या स्पीकरमधून येतो. टीव्हीला तो मधला स्पीकर नसतो. दोन बारके स्पीकर असतात, तेही बहुतेक वेळा खाली किंवा मागे तोंड करून. सहा वाटांचा आवाज त्या दोघांत कोंबला की संवाद संगीताखाली गाडला जातो. त्यातून थिएटरसाठीचं मिश्रण मोठ्या, शांत खोलीसाठी केलेलं असतं, तिथे कुजबुज आणि स्फोट यांतलं अंतर मोठं ठेवता येतं. म्हणून आधी ॲपमध्ये किंवा टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज 'स्टिरिओ' करून बघा. संवाद उठवणारं किंवा रात्रीसाठीचं सेटिंग असेल तर ते लावा. नाहीतर साधा हेडफोन. मी एका परिचिताला एवढंच करायला लावलं आणि ज्या मालिकेला तो 'काही कळत नाही, लेखन गुंतागुंतीचं' म्हणत होता ती त्याने दोन रात्रींत संपवली. गुंतागुंत लेखनात नव्हती, त्याला निम्मी वाक्यं ऐकूच येत नव्हती.

चौकटीचा घोटाळा कमी होतो, पण होतो तेव्हा मजेदार असतो. 'साइनफेल्ड' ही जुनी विनोदी मालिका मूळची चौकोनी चौकटीतली. २०२१ मध्ये ती नेटफ्लिक्सवर आली ती रुंद पडद्यासाठी वरून-खालून कापलेली. एका भागाचं नावच रस्त्यातल्या खड्ड्यावरून आहे आणि एका शॉटमध्ये तो खड्डाच चौकटीबाहेर गेला. पात्रं खाली बघतायत, आपल्याला काहीच दिसत नाही. एखादी जुनी मालिका 'लोक इतकं हसायचे कशाला?' अशी वाटली तर हेही तपासा.

भाषेचं थोडक्यात सांगतो. डब केलेलं बघितलं की सबटायटल लावून, हे मत देताना जरूर लिहा. डबिंगमध्ये नटाचा अर्धा अभिनय बदललेला असतो, कारण आवाज दुसऱ्याचा. सबटायटल्सलाही मर्यादा असतात: नेटफ्लिक्सच्या नियमांत रोमन लिपीसाठी एका ओळीत ४२ अक्षरं आणि एका वेळी दोन ओळी. वाचायला वेळ पुरला पाहिजे म्हणून भराभर बोलणाऱ्या पात्राचं पाऊण वाक्यच खाली येतं. विनोदी लेखनाचा सगळ्यात जास्त बळी इथेच जातो. परदेशी विनोदी मालिका फसली म्हणण्याआधी हा विचार करा. थरारपट फसला म्हणताना करायची फारशी गरज नाही.

एवढं सगळं ठीक करूनही निराशा होतेच. तेव्हा ती खरी.

पण फसलेला सिनेमा आणि निराश करणारा सिनेमा यांत फरक आहे, आणि तुमच्या ग्रुपवरची भांडणं बहुतेक याच गोंधळातून होत असणार. निराशेसाठी आधी वचन लागतं. ते कोण देतं? ट्रेलर देतो. ट्रेलर बऱ्याचदा आम्ही कापत नाही, त्याची वेगळी मंडळी असतात. त्यांचं काम लोकांना बोलावणं. संथ कौटुंबिक कथेत एकच पाठलाग असेल तर ट्रेलरमध्ये तो तीनदा दिसेल. वचन ग्रुपही देतो. 'आयुष्य बदललं रे' असं कुणी म्हटलं की कुठलाही सिनेमा त्याखाली दबतो. सहा महिने उशिरा बघणाऱ्याचं नेहमी असं होतं: त्याने सिनेमा नाही, सिनेमाची हवा बघितलेली असते. तुम्हाला झोडपलेले सिनेमे आवडतात त्यात तुमच्या आवडीचा दोष काही नसतो. तिथे वचनच नव्हतं, त्यामुळे जे मिळालं ते वरचं मिळालं. मी स्वतः बघायचं नक्की ठरलेल्या गोष्टीचा ट्रेलर बघत नाही, आणि कुणी शिफारस केली तर 'कशासारखं आहे' एवढंच विचारतो, 'कसं आहे' विचारत नाही.

दुसरी गोष्ट स्मरणाची. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा एक प्रयोग आहे. लोकांना थंडगार पाण्यात हात बुडवायला लावला: एकदा ६० सेकंद, आणि एकदा तेच ६० सेकंद पण वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी किंचितसं कमी थंड केलं. पुन्हा करायचं असेल तर कुठलं निवडाल, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबचं निवडलं! त्रास जास्त वेळ होऊनही. शेवट बरा झाला होता ना. उत्कट क्षण आणि शेवट, आठवणीत हे दोनच जास्त भरतात. मधली लांबी फारशी मोजली जात नाही. मालिकांच्या बाबतीत हे क्रूरपणे खरं ठरतं. सात-आठ वर्षं रंगलेली मालिका शेवटच्या भागात घसरली की लोक म्हणतात, 'वर्षं वाया गेली.' 'गेम ऑफ थ्रोन्स'चं शेवटचं पर्व नव्याने बनवा म्हणून २०१९ मध्ये निघालेल्या याचिकेवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. पण ती आधीची वर्षं तर त्याच लोकांनी जागून बघितली होती. ती मजा खोटी कशी होईल? म्हणून मालिकेवर मत देताना मी दोन वाक्यं वेगळी ठेवायला सांगतो: बघताना कसं वाटत होतं, आणि संपल्यावर कसं वाटलं. दोन्ही खरी असतात. एकाने दुसरं पुसायचं नाही.

मालिका मध्येच पाणी घातल्यासारखी का वाटते, हेही सांगतो. बरेचदा ती तशीच असते. दोन तासांचा ऐवज आठ भागांत पसरायचा ठरतो तेव्हा पहिल्या भागात वेग असतो, कारण तोच दाखवून काम मिळालेलं असतं. शेवटचे दोन भागही बरे असतात, कारण तिथे घटना घडतात. चार-पाच-सहा या भागांत काय करणार? मग नायकाच्या बहिणीला स्वतंत्र कथानक मिळतं. भूतकाळातला एक पूर्ण भाग येतो. दोन पात्रं एकमेकांना अर्ध्या मिनिटात सांगता येईल ती गोष्ट सांगत नाहीत, कारण सांगितली तर मालिका संपेल. संकलनाच्या टेबलावर हे भाग सगळ्यात जास्त काळ पडून असतात. एक खूण देतो: एका भागाच्या शेवटी धक्का बसतो आणि पुढच्या भागाच्या पहिल्या दोन मिनिटांत तो फुसका निघतो, असं सलग दोनदा झालं, तर लेखकांकडे ऐवज संपलाय. तो धक्का कथेसाठी नसतो, पुढचा भाग आपोआप सुरू होईतो तुम्ही रिमोट उचलू नये एवढ्यासाठी असतो.

आणि एका बैठकीत सगळं संपवण्याची सवय मालिकेवर वेगळाच अन्याय करते. आठवड्याला एक भाग यायचा तेव्हा आधीचं काय झालं याची उजळणी लागायची. तीच उजळणी सलग बघताना डोक्यात जाते. संगीताची तीच धून, तोच रडण्याचा प्रसंग, तोच शेवटचा संथ शॉट. दर आठवड्याच्या वेगासाठी लिहिलेलं एका रात्रीत बघून 'एकसुरी' म्हणणं फार खरं नाही. शक्य असेल तर दिवसाला एक किंवा दोन भाग, एवढंच. उलट काही मालिका सरळसरळ एक लांब सिनेमा म्हणून लिहिलेल्या असतात. त्या तुटक बघितल्या तर धागा हरवतो. कुठली कुठल्या प्रकारची हे पहिल्या दोन भागांत कळतं: प्रत्येक भागात एखादी छोटी गोष्ट सुरू होऊन संपत असेल तर ती सावकाश बघायची.

फोनबद्दल वेगळं प्रवचन देत नाही. फक्त एवढंच: दृश्यातून सांगितलेली गोष्ट ऐकून कळत नाही. ज्या सिनेमात पात्रं सतत बोलून सगळं सांगतात ते फोन बघत बघतही समजतात, म्हणून घरी ते बरे वाटतात. अबोल सिनेमे त्याच घरात रटाळ ठरतात. मत देताना हातात फोन होता का हे स्वतःला तरी खरं सांगा. फोन कुठे उचलला हे मात्र उपयोगी पडतं. मी म्हणतो, ती वेळ लिहूनच ठेवा. '४० व्या मिनिटाला फोन घेतला' या नोंदीतून पुढे विचार सुरू होतो. त्याच्या आधीच्या दहा मिनिटांत काय झालं? कुणाला काय हवंय ते कळलं होतं का? बहुतेक वेळा उत्तर तिथे सापडतं.

आवडलेल्या गोष्टींवर लिहिणं जास्त कठीण, आणि हौशी मतं तिथेच जास्त मिळमिळीत होतात. नावडलेल्यावर माणूस पानभर लिहितो, आवडलेल्यावर 'मस्त, जरूर बघा'. आवडलं तेव्हाही जागा दाखवा. कुठल्या प्रसंगाला तुम्ही मागे जाऊन पुन्हा बघितलं? कुठे घरातलं दुसरं कुणी येऊन उभं राहिलं आणि बसलंच? हे थिएटरात घडत नाही, घरीच घडतं, आणि सिनेमाबद्दल पुष्कळ सांगून जातं. 'डोकं बाजूला ठेवून बघा' हे वाक्य मात्र सोडून द्या. चांगली टाइमपास गोष्ट बनवायला डोकं भरपूर लागतं. विनोदी प्रसंगात हशा कुठे येणार आणि पुढचा संवाद किती फ्रेम्सने मागे ठेवायचा यावर आम्ही तासन्‌तास घालवतो. गंभीर निरोपाच्या प्रसंगाला तेवढा वेळ लागत नाही. झोडपलेला सिनेमा तुम्हाला मजेदार वाटत असेल तर शरमेने सांगू नका. त्यात काय चालतंय ते शोधा: टायमिंग असेल, एखादा दुय्यम नट सगळं खाऊन टाकत असेल, किंवा पुढे काय होणार हे आधीच माहीत असण्यातली निवांत मजा असेल. थकून आल्यावर माणूस तीच जुनी मालिका पुन्हा लावतो, कारण तिथे कुणी त्याची परीक्षा घेत नाही.

घराने सिनेमे तारलेले आहेत, हेही विसरू नका. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' १९४६ चा. तेव्हा त्याने खर्चही नीट भरून काढला नाही. १९७४ मध्ये कॉपीराइटचं नूतनीकरण राहून गेलं, त्यामुळे टीव्हीवाल्यांना तो दाखवणं सोपं झालं. दर नाताळात लागायला लागला आणि लोकांच्या घरचा झाला. 'द शॉशँक रिडेम्प्शन' १९९४ मध्ये थिएटरात फारसा चालला नाही. व्हिडिओ कॅसेट आणि केबलवरच्या पुनःप्रक्षेपणांनी त्याला प्रेक्षक मिळवून दिला, आणि आज आयएमडीबी या संकेतस्थळावर प्रेक्षकांच्या यादीत तो वर्षानुवर्षं अगदी वर असतो. या दोन्ही वेळा निकाल हौशी माणसांनी, घरी बसून, सावकाश फिरवला.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर. समीक्षा गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरचा आकडा म्हणजे गुण नव्हेत. किती टक्के समीक्षा अनुकूल आहेत, एवढंच तो सांगतो. सगळ्यांनी 'बरा आहे' म्हटलं तरी शंभर टक्के होतात. निम्म्यांनी जीव ओवाळला आणि निम्म्यांनी जोडा मारला तर पन्नास. तुमच्यासारख्या, सगळ्यांच्या मताशी न जुळणाऱ्या माणसाने त्या पन्नासवाल्यांकडे आधी वळावं असं मी म्हणेन. मेटाक्रिटिक हे तसंच दुसरं संकेतस्थळ सरासरी काढतं, पण काही समीक्षकांना जास्त वजन देऊन. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये तारे काढून अंगठे आणले, तेव्हापासून तिथे 'किती आवडलं' पेक्षा 'तुम्हाला आवडेल का' हा अंदाज मोठा झाला. यापेक्षा एक भरवशाचं साधन आहे: ज्याची आवड तुम्हाला पक्की ठाऊक आहे असा एक माणूस. त्याची आवड तुमच्या उलटी असली तरी चालेल. उलट, ठाम उलटी असेल तर फारच उत्तम.

राहिला प्रश्न मध्येच सोडून देण्याचा. तो तुम्ही विचारलेला नाही, पण अपेक्षाभंग कमी करण्याचा सगळ्यात सोपा मार्ग तोच आहे. 'तीन भाग कळ काढ, चौथ्यापासून रंगतं' या शिफारशीला मी भीक घालत नाही. बनवणाऱ्यांना तीन तासांत जमलं नाही तर चौथ्या तासाचा भरवसा मी का धरू? माझा स्वतःचा हिशेब असा: सिनेमाला अर्धा तास, मालिकेला पहिला भाग आणि दुसऱ्याची सुरुवात. अपवाद जुन्या सिनेमांचा. त्यांचा वेग अंगवळणी पडायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो, तिथे मी तासभर थांबतो. सोडला तर ग्रुपवर लिहिताना स्पष्ट लिहा की दुसऱ्या भागात सोडला आणि अमुक प्रसंगाला सोडला. 'बकवास' लिहिलंत तर ज्यांना आवडली ते भांडायला येतील. 'पोलीस ठाण्यातली चौकशी तिसऱ्यांदा सुरू झाली तिथे बंद केली' असं लिहिलंत तर त्यांच्यातलंच कुणीतरी सांगेल की हो, तिथे मीही उठून पाणी प्यायला गेलो होतो.